भूकंपरोधक इमारतीतला एक कॉलम गेला तर?

प्रश्न जळगावहून आलाय. तळमजला अधिक चार मजल्यांची सोसायटी, बांधकाम २०१२ चं. मागे पार्किंग, रस्त्याच्या बाजूला गाळे. एका गाळ्याच्या मधोमध कॉलम येतो. तो काढून वर लोखंडी गर्डर टाकायचा गाळेमालकाचा विचार आहे. बिल्डिंग भूकंपरोधक आहे, अख्खा भूकंप झेलायला बांधली आहे, मग एका कॉलमने काय बिघडतं, असं त्याचं म्हणणं. सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे म्हणणं खरं आहे का, आणि कोणी काढला नाही तरी उद्या ट्रकच्या धडकेने किंवा सिलिंडरच्या स्फोटाने एखादा कॉलम गेलाच, तर इमारत उभी राहील का.

ताई, पहिल्याचं उत्तर सरळ आहे. कॉलमला हात लावू देऊ नका. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं तुमच्या बीमच्या आत आहे, स्लॅब टाकायच्या आधी सळया कशा बांधल्या गेल्या त्यात. भूकंपाचं डिझाइन अशा वेळी खरोखर कामाला येतं. पण इमारतीच्या सगळ्या भागांत सारखं येत नाही, म्हणून थोडं खोलात जाऊन सांगतो.

आपल्याकडच्या भूकंपाच्या डिझाइनचा आकडा आधी पाहा. तुमची इमारत बांधली तेव्हाच्या आयएस १८९३ प्रमाणे, म्हणजे भूकंपाच्या डिझाइनच्या भारतीय मानकाप्रमाणे, तापीचा पट्टा झोन ३ मध्ये, मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येत होता. हे नुसतं कागदावरचं नाही, मार्च १९३८ मध्ये सातपुड्यात ६ च्या वरचा भूकंप होऊन गेलेला आहे. झोन ३ चा गुणांक ०.१६. साधी राहती, कमी उंचीची इमारत आणि डक्टाइल, म्हणजे न तुटता वाकणारी, बीम-कॉलमची फ्रेम धरून हिशेब केला, तर डिझाइनचा आडवा जोर निघतो इमारतीच्या वजनाच्या ४ टक्के. फक्त ४. खरा धक्का याच्या कितीतरी पट असू शकतो. उरलेला धक्का फ्रेमने वाकून, सळया ताणून, पण न तुटता पचवायचा, हे गृहीत धरूनच तो आकडा पाचाने भागून खाली आणलेला असतो. म्हणजे भूकंपाच्या डिझाइनमध्ये जादा ताकद फार नसते. तिथे खरा जीव असतो तो डिटेलिंगमध्ये: सळयांभोवतीच्या रिंगा किती जवळ, त्यांचे हुक कसे, सळया कुठे जोडल्या, कुठवर नेल्या.

कॉलम जातो तेव्हा मात्र आडव्या जोराचा संबंधच राहत नाही. वरचं सगळं वजन तिथेच असतं, आधार तेवढा निघून जातो. कॉलम ते कॉलम चार-चार मीटरची दोन अंतरं होती त्यांचं आठ मीटरचं एक अंतर होतं. बीम दोन्ही टोकांना पक्का धरलेला आहे असं मानून साधं गणित करा. दूरच्या टोकांवरचा मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, चौपट होतो. गेलेल्या कॉलमच्या डोक्यावर तर प्रकारच उलटतो. आधी तिथे ताण बीमच्या वरच्या बाजूला होता, आता खालच्या बाजूला येतो आणि तोही दुप्पट. शिवाय कॉलम एका क्षणात गेला तर वजन अंगावर आदळल्यासारखं येतं, त्याचा परिणाम हळू आलेल्या वजनाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. दिलासा एवढाच की फ्रेम अखंड असेल तर प्रत्येक मजला आपापला भार आपल्या बीमवर पेलतो, पाच मजल्यांचं ओझं एकाच बीमवर पडत नाही.

आता त्या उलटलेल्या ताणाकडे पाहा. नेहमीच्या, फक्त वजनासाठी केलेल्या डिझाइनमध्ये कॉलमजवळ बीमच्या तळाशी ताण नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षांची पद्धत अशी की खालच्या सळया कॉलमवर आणून सोडायच्या, जोड द्यायचा तर तिथेच द्यायचा. वजनाच्या हिशेबात त्यात चूक नाही. पण कॉलम गेला की नेमका तोच जोड उघडा पडतो. सळया कॉलमच्या गाभ्यातून सुटून बाहेर येतात, बीम खाली जातो, तो खालच्या मजल्यावर आदळतो, आणि एका कॉलमचं नुकसान अख्ख्या बाजूला लागतं. याला आम्ही प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स म्हणतो: सुरुवात एका जागी, शेवट कितीतरी दूर.

भूकंपात बीम दोन्हीकडे हलतो, म्हणून ताण वर-खाली आलटून पालटून येतो. त्यासाठी आयएस १३९२० ने, म्हणजे डक्टाइल डिटेलिंगच्या भारतीय मानकाने, जे नियम घातले, ते कॉलम गेल्यावरही उपयोगी पडतात. वर किमान दोन आणि खाली किमान दोन सळया बीमच्या पूर्ण लांबीत सलग हव्यात. कॉलमच्या तोंडाशी खालचं लोखंड वरच्याच्या निम्म्याहून कमी नको. जोड बीम-कॉलमच्या सांध्यात नको, कॉलमच्या तोंडापासून बीमच्या उंचीच्या (डेप्थच्या) दुप्पट अंतरात नको, आणि एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळयांचा नको. टोकाला रिंगा जवळजवळ, हुक १३५ अंशात आत वळवलेला. शिवाय बीम शिअरमध्ये, म्हणजे तिरका कापला जाऊन, फुटण्याआधी वाकला पाहिजे अशा हिशेबाने रिंगा ठरवायच्या. शिअरचं फुटणं अचानक असतं, त्यात माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण ओक्लाहोमा सिटीचं. १९ एप्रिल १९९५ ला तिथल्या नऊ मजली सरकारी इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला गेला, १६८ माणसं गेली. स्फोटाने दर्शनी बाजूचा एक कॉलम चिरडला, शेजारचे दोन शिअरमध्ये गेले, आणि वरचे कॉलम ज्या मोठ्या ट्रान्स्फर गर्डरवर उभे होते त्याचा आधारच गेला. इमारतीचा जवळपास निम्मा भाग खाली आला. पुढच्या वर्षी आलेल्या तपास अहवालात अभियंत्यांनी स्पष्ट मांडलं की हीच इमारत तीव्र भूकंपाच्या प्रदेशातल्या डिटेलिंगने बांधली असती, तर कोसळलेला भाग पुष्कळ कमी झाला असता. लक्षात घ्या, ती इमारत भूकंपासाठी डिझाइन केलेली नव्हती आणि तिच्यावर आलेलं संकटही भूकंपाचं नव्हतं. तरीही उपाय निघाला तो रिंगा आणि सलग सळयांचाच.

हे कागदावर सोपं दिसतं, साइटवर नाही. भुसावळ रोडवर एका कामात स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तपासणीला गेलो होतो. वरून सगळं लोखंड नेटकं दिसत होतं. बॅटरी घेऊन कडेच्या एका सांध्यात वाकून पाहिलं, तर बीमच्या खालच्या दोन १६ मिलिमीटरच्या सळया कॉलमच्या रिंगेच्या आत जेमतेम चार बोटं जाऊन थांबलेल्या. सरळ, टोकाला वाक नाही. सांध्यातून कॉलमची एकही रिंग गेलेली नव्हती, कारण बीमचं लोखंड बसवताना ती अडते म्हणून सोडून दिलेली. फिटर म्हणाला, ‘काही व्हत नही भाऊ, खाले कॉलम शे ना!’ त्याचं बोलणं मला अजून महत्त्वाचं वाटतं, कारण त्या सळया तशा ठेवण्यामागचा सगळा विचार त्यात आलाय. खाली कॉलम आहे, हे गृहीत धरलंय. कडेच्या सांध्यातल्या सळया काढून वाक देऊन परत बसवल्या, रिंगा घातल्या, स्लॅब एक दिवस पुढे गेला. काँक्रीट पडल्यावर हे कुणाला दिसलं नसतं.

आता कॉलम गेल्यावर बीम नेमका काय करतो ते सांगतो. तो थोडाच वाकलेला असतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या फ्रेममध्ये कमानीसारखा अडकून जोर देतो. आणखी खाली गेला की काँक्रीट चिरडतं आणि कमान संपते. त्यानंतर उरतात फक्त सळया. त्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या झोळ घेऊन वजन पेलतात. इथे आकडे घालून पाहा. वर दोन, खाली दोन, अशा १६ च्या चार सलग सळया. सगळ्यांची मिळून ताण घ्यायची ताकद साधारण ४० टन. चार मीटरला ४० सेंटिमीटर झोळ आला, तर एका दिशेने पेललं जाणारं वजन सुमारे ८ टन. आतल्या कॉलमवर दोन्ही दिशांचे बीम असतात, म्हणजे १६ टन. झोळ अर्धा मीटर झाला तर २०. आणि त्या कॉलमवर एका मजल्याचा भार किती? सोळा चौरस मीटर, भिंती-फरशी-माणसं धरून चौरस मीटरला १.२ टन, म्हणजे १९ टनांच्या आसपास. अगदी काठावरचा हिशेब आहे. अचानक आदळल्याचा परिणाम धरला तर कमीच पडतो, स्लॅबमधल्या सळया आणि भिंती मदतीला आल्या तर तरतो. पण सळई सलग नसेल, जोडात सुटली, तर यातलं काहीच मिळत नाही. सळई किती ताणली जाते याचंही महत्त्व इथे कळतं. एफई ५०० या ग्रेडच्या सळईला मानकात तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबी वाढण्याची अट आहे, ५०० डी ला १६. दुकानात भाव विचारताना तो ‘डी’ विसरू नका.

ही दोरी ताणायला दोन्ही टोकांना पकड लागते. कोपऱ्याच्या कॉलमला दुसरं टोकच नसतं. तो गेला की दोन्ही बीम एका बाजूने लटकतात, आणि एकट्या बीमचा हिशेब केला तर टोकाचा मोमेंट सहापट होतो. तिथे झोळाचा काहीच उपयोग नाही. वरच्या मजल्यांच्या बीम-कॉलमनी मिळून चौकटीसारखं धरलं तरच कोपरा राहतो. लंडनच्या रोनन पॉइंटमध्ये १६ मे १९६८ च्या सकाळी अठराव्या मजल्यावर कोपऱ्यातल्या स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला, आणि बावीस मजली इमारतीचा तो अख्खा कोपरा वरून खालपर्यंत गेला. ती तयार पॅनेल एकमेकांवर रचून केलेली इमारत होती, त्यांना एकमेकांत बांधणारं लोखंड जवळजवळ नव्हतंच. चार माणसं दगावली आणि ब्रिटनने त्यानंतर बांधकामाचे नियम बदलले. आपल्याकडे कोपऱ्याचा कॉलम बहुतेक वेळा पार्किंगच्या वळणावर किंवा रस्त्याच्या तोंडावर असतो. म्हणजे ज्याला धडक बसायची शक्यता जास्त, तोच सगळ्यात निराधार.

भूकंपाचं डिझाइन आणखी दोन ठिकाणी अपुरं पडतं. भूकंपाची मागणी खालच्या मजल्यांवर जास्त असते, म्हणून डिझाइन करताना वर जाऊ तसं बीमचं लोखंड कमी केलं जातं. कॉलम गेल्यावर मात्र चौथ्या मजल्याच्या बीमला पहिल्या मजल्याइतकंच काम पडतं. दुसरं जास्त नाजूक आहे. भूकंपात कॉलम बीमपेक्षा बळकट हवा असतो, आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत १.४ पट सांगितलं आहे. मोडायचंच झालं तर बीमने मोडावं, कॉलमने नाही. कॉलम जाण्याच्या भीतीने कोणी बीममध्ये भरमसाट लोखंड घातलं आणि कॉलम तसेच ठेवले, तर कॉलम गेल्यावर इमारत कोसळण्याचा धोका कमी होईल, पण भूकंपात कॉलम आधी मोडेल. माझ्या मते नवीन इमारतीत बीमची ताकद वाढवण्यापेक्षा सळयांचा सलगपणा वाढवणं जास्त शहाणपणाचं आहे. त्याला लोखंड फारसं जास्त लागत नाही, फक्त पाहणारा माणूस लागतो.

भिंतींचंही असंच दुहेरी आहे. अमेरिकेत सॅन दिएगोत पाडायला काढलेल्या एका जुन्या सहा मजली हॉटेलचे लागून असलेले दोन कॉलम, त्यातला एक कोपऱ्याचा, संशोधनासाठी मुद्दाम स्फोटाने उडवले होते. इमारत उभी राहिली आणि खाली आली ती काही मिलिमीटरच. त्यात चौकटीत भरलेल्या भिंतींचा मोठा वाटा निघाला. म्हणजे तुमच्या वरच्या चार मजल्यांवरच्या विटांच्या भिंती खालचा कॉलम गेल्यावर मदत करतील. पण भूकंपात त्याच भिंतींमुळे वरचा भाग ताठ आणि खालचं पार्किंग मोकळं राहतं, आणि सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलमवर येऊन साचते. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती याच कारणाने बसल्या. तुमच्या तळमजल्यातला एकेक कॉलम म्हणूनच वरच्या कॉलमपेक्षा जास्त मोलाचा आहे. भूकंपाच्या वेळी तर आधी त्यांच्यावरच येणार आहे.

आता त्या गर्डरचं. गाळेमालक म्हणतो, गर्डर टाकला की झालं. तुमच्या मधल्या कॉलमवर वरच्या पाच स्लॅबचा भार धरला तर ९५ टनांच्या घरात जातो. गर्डर तो भार गिळत नाही, शेजारच्या दोन कॉलमवर निम्मा-निम्मा नेऊन टाकतो. त्यांच्यावर आधी तेवढेच ९५ असतील तर आता १४० च्या वर, म्हणजे दीडपट. आपण डिझाइनमध्ये भाराला सुरक्षिततेचा गुणक धरतो तोही १.५. इमारतीची सगळी शिल्लक एका गाळ्याच्या सोयीसाठी संपली. फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या पायाचं, पाहायलाच नको. काळ्या मातीत फुटिंगवर दीडपट भार आला की ते बसतं, शेजारचं बसत नाही, आणि त्या फरकाने वरच्या भिंती चिरतात. शिवाय गर्डर वाकल्याशिवाय भार घेत नाही. जॅकने आधी भार गर्डरवर न चढवता कॉलम कापला, तर वरचे सगळे मजले तेवढे खाली येणारच. आणि यानंतर शेजारच्या दोनपैकी एखाद्या कॉलमला ट्रक लागला, तर राखीव असं काहीच उरलेलं नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला चार मजली इमारत पडून १७ माणसं गेली. भूकंप नव्हता, स्फोट नव्हता. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं.

तुमच्या इमारतीचं साल २०१२ म्हणून एक गोष्ट तपासाच. आयएस १३९२० पहिल्यांदा १९९३ मध्ये आलं, तेव्हा झोन ३ मधल्या पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या इमारतींना ते लागू नव्हतं. नंतरच्या दुरुस्तीत झोन ३ पूर्ण घेतला गेला. तुमच्या इमारतीच्या वेळी ते लागू होतं, पण जुन्या सवयीने काम करणारे तेव्हाही होते. म्हणून ‘भूकंपरोधक’ या शब्दावर न थांबता बिल्डरकडून किंवा महापालिकेच्या फाइलमधून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळवा. त्यात बीमच्या खालच्या सळया कॉलममधून सलग दाखवल्या आहेत का, रिंगेचा हुक १३५ अंशाचा आहे का, वरच्या मजल्यावर सुरू होऊन खाली न उतरणारा तरंगता कॉलम कुठे आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं चित्र कळतं. मग प्रत्यक्षात तसं आहे का ते पाहायला आयएस १५९८८ प्रमाणे, म्हणजे उभ्या इमारतींच्या भूकंप-तपासणीच्या मानकाप्रमाणे, तपासणी करून घ्या. रिबार लोकेटरने सळया आणि रिंगांचं अंतर समजतं. अल्ट्रासॉनिक चाचणीने आणि कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, काढून काँक्रीट समजतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत ओतलेलं आणि दोनच दिवस पाणी मारलेलं काँक्रीट कागदावरच्या ग्रेडइतकं भरेलच असं नसतं. एक-दोन बीमच्या तळाला, कॉलमच्या तोंडाशी, सळईवरचं काँक्रीट (कव्हर) हलकेच उघडून खालची सळई पुढे जाते की जोडात थांबते हे डोळ्यांनी पाहायला सांगा. नंतर ती जागा मायक्रोकाँक्रीटने बंद करता येते. अहवालात ‘इमारत सुस्थितीत’ एवढं एक वाक्य नको, या प्रश्नांची उत्तरं लिहून मागा.

अपघाताने कॉलम जाऊच नये यासाठीचा खर्च त्यापुढे काहीच नाही. पार्किंगच्या वळणावरच्या आणि रस्त्याच्या कडेच्या कॉलमना स्वतंत्र लोखंडी खुंट्या रोवून घ्या, कॉलमला चिकटून नव्हे, थोडं अंतर सोडून, म्हणजे धडक खुंटीवर थांबते. गाळ्यात हॉटेल किंवा फरसाणाची भट्टी असेल तर भरलेले सिलिंडर कॉलमला टेकून ठेवू देऊ नका, हवा खेळत्या जागी बाहेर ठेवायला लावा. नळाची किंवा वायरिंगची खाच कॉलममध्ये पाडू देऊ नका. पार्किंगमध्ये ड्रेनेजचा पाइप गळून एखाद्या कॉलमचा पाय वर्षभर ओला राहत असेल तर आधी तो पाइप बदला, मग गंजलेली सळई उघडून दुरुस्ती करा, वरून प्लास्टर मारून झाकू नका. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटचं खोदकाम निघालं तर खड्डा तुमच्या फुटिंगच्या किती जवळ आणि किती खोल जाणार, माती ढासळू नये म्हणून आधार (शोअरिंग) कसा देणार, हे पोकलेन येण्याआधी लेखी घ्या. गाळेमालकाला सोसायटीतर्फे पत्र द्या आणि त्यात वरचा दीडपटीचा हिशेब आकड्यांसकट लिहा. आकडे समोर आले की बरेचदा माणूस कॉलम तसाच ठेवून काउंटर फिरवून घ्यायला तयार होतो.